राज्य कुणावर

"हे यंत्र या आवृत्तीसाठी पात्र नाही." पांढऱ्या पडद्यावर राखाडी अक्षरं आणि खाली एकच बटण, 'ठीक आहे'. म्हणजे भांडायची सोयच नाही. ठीक आहे म्हणायचं आणि गुमान बाजूला व्हायचं. मागून आई विचारत होती, "आला का गं तो?" रविवार होता, चारला पाच कमी. दर रविवारी चार वाजता माझा धाकटा भाऊ त्याच्या दूरच्या शहरातून या पडद्यावर येतो आणि आई त्यासाठी तीनपासूनच केस विंचरून, चष्मा पुसून बसते. फोनवर तो तिला चण्याएवढा दिसतो, म्हणून कॉम्प्युटरचा हा मोठा पडदा. "नाही येत," मी म्हटलं, "नवी आवृत्ती घेतल्याशिवाय कॉल लागत नाही, आणि आपलं यंत्र पात्र नाही म्हणे." "कसलं पातेलं?" आई म्हणाली. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी नाही हसले, कारण ते वाक्य कुठून आलं हे मला ठाऊक होतं. ज्या कंपनीची ही सिस्टिम, त्या कंपनीत माझा भाऊ मोठा साहेब आहे. कुठली जुनी यंत्रं नव्या आवृत्तीत ठेवायची आणि कुठली काढायची, ती यादी त्याच्या हातची. आई शेजारणीला कौतुकानं सांगते, "यादी करतो तो." जशी काही वाण्याचीच.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. "अगं ताई, तेरा वर्षांचं धूड ते," तो म्हणाला. "यादीतून मीच काढलं. मॉडेलचा नंबर समोर आला ना, तेव्हा वाटलं होतं हं, अरे, हे तर आपल्या घरचं." मी विचारलं, मग? "मग काय? काढलं. नियम म्हणजे नियम. तू नवीन घे, पैसे मी पाठवून देतो." आणि हसला. त्याचं ते हसणं लहानपणापासूनचं आहे. काही फुटलं, काही सांडलं की आधी हसू यायचं आणि मग आई यायची. मी म्हटलं, "ठीक आहे," आणि बटण दाबल्यासारखा फोन ठेवला. पण कानशिलं इतकी तापली होती की मी मोरीत जाऊन डोक्यावर गार पाणी ओतलं. सहा आठवड्यांनी तो घरी येणार होता, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी ठरवलं, नवीन यंत्र या घरात येणार नाही. बाबांनी एका बंद पडलेल्या कचेरीच्या लिलावातून उचललेलं, कोपऱ्यात टवका उडालेलं हेच यंत्र त्याची नवी सिस्टिम चालवेल. तो येईल तेव्हा मी त्याला याच खुर्चीवर बसवीन आणि म्हणेन, बघ, कोण पात्र नाही ते. लोक विष घालतात, मी सेटिंगं घालणार होते.

ही विद्या माझी रोजची आहे. एका मोठ्या दुकानाच्या तळघरात दुरुस्तीच्या टेबलावर मी एकवीस वर्षं बसते. वर नवीन यंत्रं विकतात, खाली माझ्याकडे त्यांची प्रेतं येतात. लोकांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर नको ती सिस्टिम चढवणाऱ्या आमच्यासारख्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथं मला 'थोरली' म्हणतात आणि माझा शब्द मानतात. युक्ती तशी साधी आहे. यंत्र सुरू झालं की सिस्टिम त्याला पहिल्यांदा विचारते, तू कोण? खरं उत्तर दिलं की दार बंद. म्हणून तिच्याआधी आपली एक छोटी फाइल जागी करायची आणि तिनं उत्तर द्यायचं, मी अमुक मॉडेल, माझा नंबर तमुक. शुद्ध सोंग. मग एकेक अवयव समजावून सांगायचा: चित्र दाखवणारा भाग जुना आहे, त्याला इतकीच मेमरी दे; आवाजाचा तसला आहे, त्याला या नावानं हाक मार. आणि निम्मी सेटिंगं उलटी. 'कुलूप लावणे बंद करा' आणि त्यापुढं होय की नाही. नाहीला हो म्हणायचं की होला नाही, यात शहाणीसुरती माणसं रडकुंडीला येतात. मला कधी अडलं नाही. ज्या घरात बाबांचं 'बघू' म्हणजे नाही आणि आईचं 'तुला हवं तसं कर' म्हणजे खबरदार, त्या घरात वाढलेल्या मुलीला हे काय शिकवायचं?

प्रत्येक खेपेला काय बदललं आणि यंत्र कुठं अडलं ते मी वहीत लिहिते. हिरव्या पुठ्ठ्याची वही, मराठी आकडे. मराठी आकडे बाबांमुळे. ते टाइपरायटर दुरुस्त करायचे आणि सुट्या भागांच्या डब्यांवर मराठी आकड्यांच्या चिठ्ठ्या लावायचे. त्या डब्यांवर मी आकडे शिकले. धाकट्याला ते कधी धड आलेच नाहीत, तो शाळेत शिकला ते इंग्रजी. घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी वीस वर्षांची होते, तो अठराचा. तोही लिलावातलाच. त्यावर त्या काळची नवी सिस्टिम चालत नव्हती, आणि मी पाच महिने झटून ती चालवली. एकशे बारा खेपा. पहिली हिरवी वही त्यात भरली. मग आम्ही दोघांनी एकाच संस्थेत अर्ज केला. मुलाखतीला स्वतः केलेलं काहीतरी दाखवायचं होतं. त्याची सोमवारी होती, माझी गुरुवारी. सोमवारी सकाळी तो गेला आणि वही जागेवर नव्हती.

रात्री जेवताना त्यानंच सांगितलं, हसत. तिघं मास्तर होते म्हणे, वही बघून खूश झाले. मराठी आकडे बघून तर फारच. एक जण म्हणाला, मुलगा आपल्या भाषेत विचार करतो. "मी म्हटलं, सवय आहे सर!" तो सांगत होता आणि बाबा हसत होते, इतके की त्यांना ठसका लागला, आणि मी उठून त्यांना पाणी दिलं. खरंच दिलं. त्या तांब्याचं वजन अजून मनगटात आहे. गुरुवारी मी तीच वही घेऊन गेले, कारण माझ्याकडे दुसरं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यातल्या एकानं दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, ही तर परवाच पाहिली. भावाची आणलीस होय?" तिथं मी बोलू शकत होते. एक एक आकडा वाचून दाखवू शकत होते. पण बोलले असते तर तो गेला असता. त्या टेबलाच्या काचेत मला पंख्याची पाती फिरताना दिसत होती, आणि मी म्हटलं, "ठीक आहे." आठ दिवसांनी पत्र आलं. आपण या अभ्यासक्रमासाठी पात्र नाही. त्याचंही आलं, जाड पाकिटातून. आई म्हणाली, "घरातल्या घरातच राहिलं ना? मग झालं तर. लहान आहे तो."

लहान आहे तो. हे वाक्य मी आयुष्यभर खाल्लं. आम्ही लपाछपी खेळायचो, त्या चाळवजा इमारतीच्या जिन्यांत, टाकीमागे, पायपुसण्यांवरून घसरत. ज्याच्यावर राज्य, त्यानं डोळे मिटून अंक मोजायचे आणि सगळ्यांना शोधून काढायचं. त्यानं नाव घ्यायच्या आत लपलेल्यापैकी कुणी मागून येऊन पाठीत धप्पा दिला, की राज्य पुन्हा त्याच्यावरच. धाकटा सगळ्यांत छोटा म्हणून कच्चं लिंबू. कच्च्या लिंबानं खेळायचं, पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. तो सापडला तरी सापडला नाही. इतर पोरं त्याला घ्यायला तयार नव्हती, मीच भांडून घ्यायला लावलं होतं. एकदा हट्टानं त्यानं राज्य घेतलं, सहा वर्षांचा असेल, आणि मी टाकीमागून येऊन त्याला धप्पा दिला. जोरात नाही. त्यानं असा टाहो फोडला की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कच्चं लिंबू आहे ना तो? मग? तू घे राज्य." मी भिंतीला तोंड लावून उभी राहिले आणि अंक मोजायला लागले. कधीकधी वाटतं, मी अजून मोजतेच आहे.

तर बेचाळीस दिवस. कामावरून आले की चपला काढायच्या आधी यंत्र सुरू करायचं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकायच्या आणि दर वेळी एकाच ठिकाणी थबकायच्या, चित्र दाखवणाऱ्या भागापाशी. मग नुसती ती उभी रेघ लुकलुकत राहायची. मी त्या रेघेकडे बघत उभी असायची आणि मनात भावाला बोलायची. जे पंचवीस वर्षांत तोंडावर बोलले नाही ते सगळं. अरे चोरा. अरे आयत्या बिळावरच्या नागोबा. आई विचारायची, "कुणाशी बोलतेस?" मी म्हणायची, "यंत्राशी." "काय म्हणतंय?" "काही नाही. तुझ्या लेकासारखंच आहे, आपलं तेच खरं करतंय." पस्तिसावी खेप, छत्तिसावी, सदतिसावी. दाढेला दाढ लावून लावून जबडा दुखायला लागला. दुकानात एका गिऱ्हाइकाला मी "पात्र नाही तुम्ही" म्हणाले आणि नंतर जीभ चावली. मला झोपेत ओळी दिसायच्या. आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा राग काहीतरी काम करत होता.

काल, शनिवारी दुपारी, मी हात टेकले आणि सिस्टिमचं पोटच उघडलं. म्हणजे तिची मुख्य फाइल घेऊन त्यात माणसाला वाचता येतील असे जेवढे शब्द होते तेवढे गाळून काढले. कुठं काय तपासतात याचा माग लागतो त्यानं. हजारो शब्द, सगळे परके, सगळे कामाचे. ते मी डाळ निवडावी तशी निवडत होते. आणि मध्येच एक शब्द आला, रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिलेला. कच्चंलिंबू. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कच्चंलिंबू. तो मॉडेल तपासण्याच्या जागेजवळच होता. मी माझी फाइल बाजूला ठेवली, सोंगबिंग काही नाही, आणि सुरू होताना द्यायच्या शब्दांत तेवढा एक शब्द घातला. ओळी सरकल्या, थबकल्या नाहीत, आणि अर्ध्या मिनिटात नवी सिस्टिम समोर उभी. निळा पडदा, गुळगुळीत, वर घड्याळ. मागून आई म्हणाली, "अगंबाई, लागलं!"

पहिल्यांदा मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, ठेवलंन पोरानं माझ्यासाठी एक दार उघडं. साऱ्या जगाला कुलूप लावलंन आणि किल्ली माझ्या उंबऱ्याखाली ठेवलीन. दोन मिनिटं वाटलं असेल हे. मग तो शब्द मी पुन्हा वाचला. कच्चं लिंबू कोण? हे यंत्र. हे यंत्र कुणाचं? माझं. म्हणजे खेळ ताई, पळ, लप, पण तू मोजण्यात नाहीस. ज्याला मी बोट धरून खेळात घेतलं, त्यानं मला कच्चं लिंबू ठरवलं. आणि बेचाळीस दिवस मी भिंतीवर डोकं आपटत असताना नवीन यंत्र घेतलं नाही म्हणजे मी काय करत असणार हे ओळखून तो फोनवर दर आठवड्याला विचारत होता, "काय ताई, जमलं का?" जमलं का! गंमत बघत होता. मी यंत्र बंद केलं. आई म्हणाली, "बंद का केलंस? चाललं होतं की." मी म्हटलं, "ते मी नव्हतं चालवलं."

आज चारला तो आला. दारात वाकून आईच्या पाया पडला, तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. केस पिकलेत त्याचे. मी चहा टाकला. तो सगळं घर बघत हिंडला आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी आला. "ताई," हळू आवाजात म्हणाला, "सापडलं?" मी मान हलवली. तो इतका खुलला की सहा वर्षांचा दिसला. "मला माहीतच होतं! दुसऱ्या कुणाला सापडायचं नाही ते, फक्त तुलाच. पण एक ऐक हं. कट्ट्यावर वगैरे टाकू नकोस. बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही, कोर्टात खेचतील मला. तू सांगणार नाहीस म्हणून तर ठेवलं." तू सांगणार नाहीस. त्या मास्तरांच्या टेबलापासून त्याला माझी ही खात्री होती. मी कप त्याच्या हातात दिला आणि अगदी सहज विचारलं, "तुला पहिली वही आठवते का रे? हिरवी?"

"कसली वही?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. लपवत असता तर मला कळलं असतं. त्याचं लपवणं मला पाठ आहे, आधी हसतो. तो हसला नाही. कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न करत होता बिचारा. "मुलाखतीला नेलेली," मी म्हटलं. "मुलाखतीला? मी काहीतरी प्रोजेक्ट नेलं होतं ना माझं?" म्हणाला. माझं. पंचवीस वर्षं मी जे उराशी धरून बसले होते ते त्याच्याकडे नव्हतंच. त्याची क्षमा मागायची इच्छा नाही असं नव्हतं, क्षमा कशाची ते त्याला माहीत नव्हतं. टेबलावर माझी आत्ताची वही उघडी पडली होती. ती त्यानं चाळायला घेतली. "बाप रे, अजून मराठी आकडे? हे मला कधीच नाही जमलं बुवा." एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे, नऊ की एक?"

मी वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवसाची नोंद, चित्राच्या भागाला किती मेमरी द्यायची तो आकडा. पडद्यावरून घाईत उतरवताना माझ्या हातून तसाच्या तसा इंग्रजी 9 आला होता, आणि नंतर एकोणचाळीस दिवस मी तो आपला मराठी १ म्हणून वाचत होते. वाटीत एकासारखा, शेपटीत एकासारखा, आणि एक नव्हे. माझीच वही, माझंच अक्षर. "नऊ," मी म्हटलं. तो आईजवळ जाऊन बसला, तिला फोनवरचे फोटो दाखवायला. मी यंत्रापुढं बसले. त्याचा शब्द पुसला. माझी फाइल परत जागेवर ठेवली, तिच्यातलं ते एक बदललं आणि नऊ केलं. बेचाळिसावी खेप. ओळी सरकल्या. चित्रापाशी आल्या. माझा श्वास थांबला, ओळी नाही थांबल्या. निळा पडदा आला, वर घड्याळ, चार चाळीस. कोपऱ्यात टवका उडालेल्या यंत्रावर, माझ्या सोंगावर, माझ्या आकड्यांवर. कुणाची मेहेरबानी नाही. वहीत लिहिलं, चालू.

इथं थांबता आलं असतं. ठरवलं होतं तेवढं झालं होतं. त्याला खुर्चीवर बसवायचं, दाखवायचं, संपलं. मागे आई हसत होती, "हा कुठला रे डोंगर?" आणि तो तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होता. मला त्याचा फुटलेला गुडघा आठवला, टाकीमागे माझा फ्रॉक मुठीत धरून श्वास रोखून बसलेला तो, "ताई, आपल्याला कोणी नाही ना बघणार?" आठवलं सगळं. माझं काळीज दगडाचं नाही. पण कसली वही, असं तो म्हणाला होता. चोरी केली असं म्हणाला असता तर मी तिथल्या तिथं सोडली असती. जो कधी सापडतच नाही त्याला सोडायचं तरी कसं? मी कट्टा उघडला. लिहिलं: नव्या आवृत्तीला मॉडेल तपासू द्यायचं नसेल तर सुरू होताना हा एक शब्द द्या, सगळ्या जुन्या यंत्रांना चालेल. शब्द लिहिला, रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. खाली आणखी एक ओळ: हा आमच्या भाषेतला शब्द आहे, ज्यानं ठेवला त्याला अर्थ विचारा. त्यांच्या कंपनीत आमची भाषा बोलणारी माणसं किती असणार? बटणावर 'पाठवा' असं होतं. मी पाठवलं. लगेच खाली एक आकडा उमटला, पाहिलेले सात. मग साठ. मग मी बघायचं सोडलं.

उठले. पावलं न वाजवता गेले, तो पाठमोरा होता, त्याचा फोन आईच्या हातात. जवळून त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. मी हात उचलला आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठेवला. जोरात नाही.

"धप्पा."

तो दचकला, मग खदखदून हसला. "ए ताई! मी कच्चं लिंबू ना!" आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून, आणि मला लटकं रागावून म्हणाली, "अगं, त्याच्यावर राज्य नसतं." तिच्या हातातला फोन एकदा थरथरला, मग पुन्हा, आणि तिनं तो त्याच्यापुढं केला, "बघ रे, कुणाचं तरी आलंय."

"आता आहे," मी म्हटलं, आणि रिकामे कप उचलून आत नेले.